चौथऱ्याच्या अलीकडे दोनशे पावलं

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी वाऱ्याने दंतवैद्याचा चष्मा नेला. चष्मा खाली पडला नाही. वर गेला, गिरकी घेतली आणि शंभर फूट खालच्या समुद्राकडे दिसेनासा झाला. त्या वेळी तिघंजण भूशिराच्या कड्यावर होते आणि ज्याच्यासाठी आले होते तो दगडी चौथरा अजून बराच पुढे होता.

मोहीम आत्याची होती. वय अडुसष्ट. नकाशा कार्यालयात तिने एकतीस वर्षं काढली. या किनाऱ्याचा नकाशा पाच वेळा तिच्या हातून उतरला. भूशिराच्या टोकावर मोजणीचा चौथरा आहे, तिथून सगळ्या किनाऱ्याची अंतरं धरतात. तो दाखवणारा इवलासा त्रिकोण पाचही वेळा तिनेच काढला, पण चौथरा कधी पाहिला नाही. मोजणीला पुरुष जात, रेघा ओढायला ती बसे. आता महिन्याभराने तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यानंतर कडेकपारी विसरा. त्याआधी एकदा त्या चौथऱ्याला हात लावायचा. बस्स!

आखणी तिच्या भाचीची. लोकांचे मुक्काम आणि भटकंती आखून देणं हाच तिचा पेशा. घरात तिला सगळे तक्तेबाई म्हणत. भूशिराजवळच्या या शहरात वारा पाहुणा नव्हे, घरमालक आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. येणारे लोक खिडक्यांच्या खडखडाटाने रात्रभर जागतात आणि दिवसभर पेंगत फिरतात. म्हणून अकरा हॉटेलं पारखून तिने टेकडीच्या उत्तर उतारावरचं एक निवडलं. तिसरा मजला, मागच्या बाजूची खोली, वाऱ्याचं नाव नाही. आत्या दोन्ही रात्री गाढ झोपली. तक्तेबाईला त्याचा भारी अभिमान होता, आणि नेमकी तिथेच ती फसली.

त्या सकाळी सहाला तिने खिडकीतून पाहिलं. अंगणातल्या झाडाचं पानही हलत नव्हतं. तिने तक्त्यात लिहिलं : वारा मंद, निघणे आठ, चौथरा अकरा, परत दीड. जिने आडोसा स्वतः शोधला, तिच्याच ध्यानात आलं नाही की आडोसा वाऱ्याची खबर देत नसतो.

भूशिराच्या फाटकावर पहारेकऱ्याने सुचवून पाहिलं. ताशी चाळीस किलोमीटरच्या वर वारा गेला की तो फाटक बंद करतो. फाटकावरच्या वारामापकाचा काटा चौतीसवर होता.

"दक्षिणेचा वारा आहे ताई, चढत जाणार."

"सहाला तर अगदी पडला होता," तक्तेबाई म्हणाली.

"कुठे?"

"हॉटेलवर."

पहारेकरी हसला नाही. "बघा बुवा," एवढंच म्हणाला.

आणि आता चष्मा गेला होता. दंतवैद्य, म्हणजे आत्याचा मुलगा, डोळे किलकिले करून कड्यावर उभा होता.

"दादा, किती दिसतंय?" तक्तेबाईने ओरडून विचारलं.

"तू दिसतेस. नाक दिसत नाही. एकंदरीत बरं चाललंय!"

"मागे फिरायचं का?"

"माझे डोळे शाबूत आहेत," आत्या म्हणाली. "याने माझ्या पिशवीचा पट्टा धरावा. लहानपणी पदर धरायचा तसा."

"आई, मी पन्नास वर्षांचा आहे."

"धर म्हणते ना!"

पुढे तक्तेबाई, मधे आत्या, मागे पट्टा धरलेला दंतवैद्य, अशी वरात निघाली. रेती गालांना सुयांसारखी टोचत होती. बोललेला शब्द तोंडातून निघायच्या आत वारा हिसकावून नेत होता. आत्या दर दहा पावलांनी थांबे, गुडघा चोळी आणि कुणी पाहण्याच्या आत पुन्हा चालू लागे.

दहा चाळीसला ते चिंचोळीवर पोहोचले. तिथे भूशीर कंबर आवळल्यासारखं अरुंद होतं. वाट दोन माणसांपुरती, दोन्ही अंगांना उतार, कडेला लोखंडी खांब आणि साखळी. आणि पलीकडे, दोनशे पावलांवर, चौथरा!

"अगं बाई," आत्या म्हणाली, "मी तर त्याला नखाएवढा काढत आले. हा माझ्या छातीला लागेल!"

तेवढ्यात झोत आला. पुढचा खांब मुळासकट उखडला! साखळी कडाडली, हवेत उडाली, उताराखाली गेली. दंतवैद्य गुडघ्यांवर आपटला, घसरला. पट्टा ताणला. आत्या मागे खेचली गेली!

"आडवे व्हा! दोघंही!"

तक्तेबाईने झेप घेऊन आत्याचा दंड पकडला. तिघं पोटावर पडले. दंतवैद्याचा एक पाय काठाबाहेर होता. त्याने तो हळूच आत घेतला.

तक्तेबाई मोजू लागली. झोत गेला, वारा बारा आकड्यांपर्यंत नरम राहिला. पुढच्या वेळी नऊ. मग सहा. आत्याच्या चालीने चिंचोळी ओलांडायला चाळीस तरी लागले असते. हिशेब साधा होता.

"मागे फिरायचं."

"अगं, हातातोंडाशी आलाय!" दंतवैद्य भडकला. "आई पुन्हा येणार आहे का इथे? तुझ्या तक्त्यात काय लिहिलं होतंस, मंद?"

"चुकला माझा तक्ता. आडोशाला बसून वारा पाहिला मी. आता उघड्यावर पाहतेय, दादा. जायचं नाही."

आत्या चौथऱ्याकडे बघत राहिली. एक झोत गेला. दुसराही गेला.

"आमच्याकडे रीत होती," ती म्हणाली. "जिथवर मोजलं तिथवरच रेघ. पुढची मनाने ओढली की बोटी खडकावर जातात. ही मोजतेय, आपण ऐकायचं. फिरा."

पण फिरायचं कुठून? आल्या वाटेवर आता सरळ उभं राहवत नव्हतं.

"वरून नको," आत्या म्हणाली. "उत्तरेला उतरा. पंधरा-वीस फुटांवर सपाटी आहे, फाटकाच्या बाजूपर्यंत जाते."

"तुला काय माहीत?"

"इथे उंचीच्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि मधेच केसभर फट सुटते. पाच वेळा सोडलीय मी ती फट!"

बसून, टाचा रोवत, गवत धरत ते उतरले. तक्तेबाई आधी. दहा फूट. पंधरा. पाय अधांतरी! मग जमीन लागली. सपाट, पक्की, खाटेएवढी रुंद. वारा डोक्यावरून रोंरावत निघून जात होता आणि खाली गवताची पाती जेमतेम हलत होती.

आता पुढे आत्या होती. तिच्या खांद्यावर मुलाचा हात, मागे तक्तेबाई. "ओहोळ येईल," आत्या म्हणायची, आणि ओहोळ यायचा. "इथून वाट अंग चोरते," म्हणायची, आणि वाट खरोखर अंग चोरायची. जन्मात पाय न ठेवलेल्या जमिनीवरून ती स्वतःच्या स्वयंपाकघरातून चालावं तशी चालत होती.  तक्तेबाईने तक्ता काढला नाही. फक्त पाहत राहिली.

बारा पन्नासला ते फाटकाशी वर आले. काटा त्रेसष्टवर होता. पहारेकरी दुर्बीण घेऊन धावत आला.

"मी वरची वाट पिंजून काढतोय! तुम्ही कुठून उगवलात?"

"खालच्या सपाटीवरून."

"तिथे वाट नाही."

"जागा आहे," आत्या म्हणाली.

"नकाशा हिने काढलाय," दंतवैद्य म्हणाला. स्वतःच्या दवाखान्याबद्दलही तो इतक्या ताठ मानेने कधी बोलला नव्हता.

दुपारी तक्तेबाईने आडोशाच्या खोल्या सोडल्या आणि समुद्रासमोरच्या हॉटेलात तीन दिवसांसाठी दक्षिणेच्या खोल्या मागितल्या.

"तिथल्या खिडक्या फार वाजतात," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "लोक बदलून मागतात."

"वाजू देत. ऐकायच्याच आहेत."

आत्याने पुढे होऊन सांगितलं, "ही माझी भाची. आज हिने आम्हाला मागे फिरवलं!" काउंटरवरच्या मुलीला यात अभिनंदन कशाचं ते उमगलं नाही, तरी तिने केलं.

दुसऱ्या दिवशी काटा अठ्ठावन्नवर होता, तिसऱ्या दिवशी एक्कावन्नवर. आज मुक्कामाचा शेवटचा दिवस. सकाळी सव्वासातला पहारेकऱ्याचा फोन आला : एकेचाळीस, कधी चाळीस. आत्या गुडघ्याला पट्टा बांधून खाली येऊन बसली आहे. फाटक अजून उघडलेलं नाही.