खांड गेली रे!

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी तिथे होते, आणि मला तिखटमीठ लावायची सवय नाही.

१९८३ साल. सर्वपित्री अमावस्या. रात्र नव्हती हो... भर दुपार होती.

बेलापूरच्या खाडीकाठी टेकडीवर तेव्हा एक लोखंडी मनोरा होता. नवी मुंबई कुठे कशी वसणार, ते वरून बघायला लोक डबे बांधून यायचे. माझं नुकतंच लग्न झालेलं. सासरे दिनानाथ खाडीच्या भरावावर सुपरवायझर होते. तिथलाच एक प्लॉट त्यांनी घेतला होता आणि नव्या सुनेला तो वरून दाखवायची त्यांना भारी हौस.

"आज अमावस्या आहे, मामंजी," मी म्हटलं.

"खुळी आहेस!" ते हसले. पोपटही हसला. पोपट म्हणजे माझा नवरा. नाव घेतेय, कुणाला काय म्हणायचं ते म्हणा. बापाच्या प्रत्येक बोलण्यावर हसायचा तो.

पायथ्याशी रखमा नावाची आगरी बाई काकड्या विकत होती. सासऱ्यांना बघताच तिने टोपली झाकली.

वर वारा छान होता. खाली लाल मुरमाचा सपाट भराव. सासऱ्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

"तो खांब दिसतो? तो आपला प्लॉट."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली...

खांबापाशी एक माणूस उभा होता. कमरेपर्यंत पाण्यात. दोन्ही हात हलवत होता.

दुर्बीण काढली. नुसता कोरडा मुरूम.

पुन्हा लावली... पाणी त्याच्या छातीला लागलं होतं.

आणि वारा एकदम पडला.

"खांड गेली रे... धावा रे..."

"कुणीतरी हाक मारतंय," मी म्हटलं. पोपटला काहीच ऐकू येत नव्हतं. पण सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांना ऐकू आलं होतं!

"ओरडू दे," ते म्हणाले. "आपलं काय जातंय?"

हाक थांबली.

मग जिना वाजला. फच्... फच्...

कुणीच नव्हतं. फक्त एकेका पायरीवर काळा चिखल उमटत वर येत होता. सासरे कठड्याला चिकटले. मग कुणी मनगट धरून ओढावं तसे ते मुकाट खाली उतरू लागले.

आम्ही मागे धावलो. खाली पोहोचलो तर सासरे नाहीत.

"कुठे गेले?" मी रखमाला विचारलं.

"ज्यानं बोलावला, त्याच्याकरं गेला," ती म्हणाली. "आमच्यात बांध फुटला, खांड गेली, का हाक मारतान. आयकल त्यानं चिखलाचा गोला घेऊन धावाचा. वैरी असला तरी धावाचा. दोन वर्सांमागं, याच आवसेच्या भरतीला, माझा मानूस शिवराम, आता तो खांब हाय तिथल्या बांधावर, एकटा हाक मारत व्हता. भरावाचे मजूर निंगाले व्हते. तुज्या सासऱ्यानं आडवले. वरडू दे, बोलला."

तिने टोपली उघडली आणि काकडी चिरायला घेतली.

सासरे खांबापाशी सापडले. कोरड्या मुरमात पालथे. तोंडात, नाकात खाडीचा काळा चिखल ठासलेला. ओला. भरतीचं पाणी तिथून कितीतरी लांब होतं.

खरं सांगू? मला त्यांच्यासाठी रडू आलं नाही. शिवरामसाठी आलं.

त्याच प्लॉटवर पोपटने घर बांधलं. मी नको नको म्हणत होते. ऐकतो कोण!

दर सर्वपित्रीला भरतीच्या वेळी हाक येते. फक्त मला. मी चिखलाचा गोळा घेऊन परसात जाते आणि "आले रे बाबा!" म्हणते. हाक थांबते. इतकी वर्षं असंच निभावलं.

यंदा थांबली नाही.

उलट जवळ आली...

पोपट जेवत होता. त्याचा हात थबकला. पहिल्यांदाच त्याला ऐकू आलं.

"कोण ओरडतंय गं?"

मी त्याचे पाय धरले. "अहो, उठा. हा चिखल घ्या हातात. एकदा 'आलो' म्हणा!"

त्याने घास तोंडात घातला.

"ओरडू दे. आपलं काय जातंय?"

हाक थांबली.

ओट्याच्या पहिल्या पायरीवर चिखलाचं पाऊल उमटलं होतं. मी पुसलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायरीवर होतं.

आज ते उंबऱ्याच्या आत आहे...

चिखलाची टोपली मी पोपटच्या उशाशी नेऊन ठेवली आहे. तो अजून हसतोच आहे.