बिननावाची ओळ

ताईच्या टंकलेखनाच्या दुकानात एकच संगणक होता आणि तो धाकट्या भावानं चार मेलेल्या संगणकांचे अवयव जोडून उभा केला होता. मेमरी सहाशे चाळीस केबी. स्वभाव चौघांचाही.

टेलिफोन डिरेक्टरीची प्रत पाचच्या आत छापून दिली नाही तर दुकानाला कुलूप, हे ताईनं सकाळपासून अकरा वेळा सांगितलं होतं. छपाईच्या प्रोग्रामला बारा केबी कमी पडत होते.

यंत्र सुरू होताना जे बारके प्रोग्राम मेमरीत ठाण मांडत, त्यांची यादी धाकट्यानं उघडली. त्याची शिस्त होती : ओळ पुसायची नाही. पुढे खूण करून झोपवायची आणि स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर उतरवायची. यंत्र रुसलंच, तर पुन्हा उठवता येते.

माऊस झोपवला. नऊ केबी सुटले.

शेवटच्या ओळीला नावच नव्हतं.

"तीन केबी," तो म्हणाला. "करतो काय, पत्ता नाही. नुसता बसलाय."

खिडकीपाशी प्रुफं तपासणारे ताईचे यजमान, भावजी, खोकले. "म्हणजे माझा भाऊच. काढा त्याला."

"तुम्ही आधी ती पानं संपवा," ताई म्हणाली.

धाकट्यानं ओळ झोपवली, चिठ्ठीवर उतरवली, यंत्र पुन्हा सुरू केलं. प्रिंटर किंचाळू लागला.

"सुटलो बाई!" ताई म्हणाली.

खोकला थांबला होता.

खिडकीपाशी, भावजींच्या जागी, कुंडी होती. वेल गजांपर्यंत चढलेला, चार वर्षांचा तरी.

"भावजी कुठे गेले?"

"कुणाचे?"

तो हसला. ती हसली नाही.

"चेष्टा पुरे. कागद सरळ लाव."

त्यानं प्रिंटर बंद केला. ताई ओरडत राहिली. त्यानं ओळ उठवली. यंत्र त्या ओळीपाशी आलं आणि थिजलं. पुन्हा. पुन्हा. सातव्या वेळी आतून खोकल्यासारखं काही आलं. पंखा असेल.

ओळ झोपवली की यंत्र ठणठणीत. छपाई पुढे सुरू.

एखादं अक्षर चुकलं असेल म्हणून त्यानं चिठ्ठी काढली. अक्षर बरोबर होतं.

चिठ्ठी उलटली. मागे, फिकट शाईत, त्याच्याच हस्ताक्षरात आणखी तीन ओळी. बिननावाच्या. प्रत्येकीपुढे, तीन केबी.

ताईनं चहा ओतला. दोन कप भरले, तरी किटली जडच.

"काय रे," ती म्हणाली, "दोघांना एवढी मोठी किटली आपण आणलीच कशाला?"