सतरावं स्थळ

"तुमचा नंबर सहावा."

कादंबरीने दचकून मागे पाहिलं. डोंगरातली पहाट, अंगणात हे एवढं धुकं, आणि त्या धुक्यात पाण्याच्या बंबापाशी एक तरुण उकिडवा बसून जळण आत सारत होता. गळ्यात मफलर, हातात फुंकणी आणि चेहऱ्यावर रेशन दुकानदाराचा भाव!

"सहावा कसा? आम्ही तिघं, आणि तुम्ही…"

"आम्ही दोघं. पण तुमच्या वडिलांनी दोन नंबर लावलेत. एक आंघोळीचा, एक दाढीचा."

"आणि आपण कोण? बंबाधिकारी?"

"प्रभारी. कॉटेज सांभाळणाऱ्या मुक्ताई दूध आणायला गेल्यात. तोपर्यंत राज्य माझं."

कादंबरीच्या तोंडात ब्रश होता, त्यामुळे तिला धड हसताही येईना. ती पाठमोरी झाली आणि तिने फेस थुंकायच्या निमित्ताने हसून घेतलं. सकाळी सहा वाजता, न विंचरलेल्या केसांनी, आईची शाल पांघरून हिला कुणी भेटायलाच नको होतं. पण भेटला. आणि नजर अशी, की शाल-बिल सगळं पाहून घेतलंय आणि काही तक्रार नाही.

आता ही मंडळी इथे आली कशी ते सांगते. कादंबरीचे वडील भीमराव ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीतून नुकतेच निवृत्त झाले. क्वार्टर सोडून वारज्याला फ्लॅटमध्ये आले आणि तिथे त्यांचा नुसता पिंजऱ्यातला वाघ झाला. शेवटी लेकीने ताम्हिणीच्या अलीकडे डोंगरातलं एक कॉटेज बुक केलं. शुक्रवार ते रविवार, नुसता आराम. पण आराम करायची सवय लागते हो! भीमरावांनी पहिल्या तासात दोन कड्या दुरुस्त केल्या, दुसऱ्या तासात अंगण झाडलं आणि तिसऱ्या तासात बायकोला, रतनबाईंना, विचारलं, "आता काय?"

लेकही बापाचीच. अठ्ठावीस वर्षांची, हिंजवडीत नोकरी, आणि जिवाला म्हणून स्वस्थता नाही. हे सोड, ते धर. एका जागी बसली तर पाय हलवते. लग्नाची सोळा स्थळं तिने नाकारली होती. सतरावंही. का, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

कॉटेज एक, दारं दोन, मधे सामाईक ओटा. शेजारच्या अर्ध्या भागात हा बंबाधिकारी आणि त्याची आई हिराबाई उतरले होते. पहिल्याच भेटीत भीमराव "जयभीम" म्हणाले, तिकडून "जयभीम" आलं, आणि नाश्त्याच्या बश्या इकडून तिकडे फिरायला लागल्या.

"नाव नाही सांगितलंत," चहा देताना कादंबरी म्हणाली.

"आनंद."

"आणि आडनाव? की ते सुट्टीच्या दिवशी बंद असतं?"

"आडनाव दुपारी सांगतो," तो कपात बघत म्हणाला. "सगळं एकदम दिलं तर तुम्हाला वाचायला वेळ मिळत नाही."

हे काय बोलणं? तिला कळलं नाही, पण मनात काहीतरी चुकचुकलं मात्र नक्की. सकाळभर तिचं लक्ष ओट्यावर. तो आईची औषधं मोजून देत होता, भीमरावांबरोबर बंबाची गळकी तोटी बघत होता. एकदा नजरानजर झाली. तिने पटकन मोबाइल काढला… उलटा.

दुपारी मुक्ताई म्हणाली, "त्या टेपाडावनं समदी दरी दिसती बघा, जाऊन या." रतनबाईंचे गुडघे, हिराबाईंचा दमा, भीमरावांची तोटी. राहिले दोघं.

वर वारा असा, की बोललेलं उडून जावं. कादंबरीची ओढणी त्याच्या खांद्यावर गेली, तिने ओढली, पुन्हा गेली.

"राहू द्या," तो म्हणाला. "तिला तरी माझं वावडं नाही."

"म्हणजे मला आहे?"

"लेखी आहे." तो समोर दरीकडे बघत होता. "आनंद मेश्राम. मूळ भंडारा, सध्या पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, मुक्काम खडकवासला. ऑगस्टमध्ये बायोडाटा पाठवला होता. तुमच्या नंबरवरून उत्तर आलं, 'क्षमस्व. पत्रिका जुळत नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'"

अगं बाई गं! कादंबरीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तो मेसेज तिचा नव्हताच मुळी. नारायण पेठेतली तिची मैत्रीण श्रद्धा, तिच्या घरातला तो ठेवणीतला नकार. त्यांच्याकडे पत्रिका बघतात, त्यामुळे तो शोभतोही. कादंबरीने दोन मीटिंगांच्या मधे तो जसाच्या तसा उचलून पुढे ढकलला होता. एका बौद्ध घरातून दुसऱ्या बौद्ध घरात! ओव्हाळांच्या सात पिढ्यांत कुणी पत्रिका पाहिली नाही आणि मेश्रामांकडे ती कधी बनलीच नाही.

"आईने तीन दिवस कपाटं उपसली," आनंद म्हणाला. "आपण पत्रिका पाठवली कधी आणि ती यांना मिळाली कुठून? माझी तर जन्मवेळही कुणाला माहीत नाही. म्हशी घरी आल्या होत्या, एवढंच तिला आठवतं."

तो हसत होता. त्याला हसू येत होतं म्हणून तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऑफिसात गडबड होती हो…"

"गडबडीत माणूस नुसतं 'नाही' म्हणतो," आता तो हसला नाही. "ते चाललं असतं. खोटं कारण आलं ना, म्हणून लागलं."

तिला 'चुकलं माझं' म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण आयुष्यात तो शब्द फारसा वापरला नसल्यामुळे तो वेळेवर सापडेना. ती म्हणाली, "वारा फार आहे. उतरूया." उतरताना निसरड्यावर त्याने हात पुढे केला. तिने धरला, आणि सपाटी आल्यावरही दोघांपैकी कुणी सोडला नाही. कॉटेज दिसलं तेव्हा मात्र दोघांनी एकदमच सोडला.

संध्याकाळी ओट्यावर लसूण सोलता सोलता हिराबाईंनी कादंबरीला आपादमस्तक न्याहाळलं. "तूच ना वं पोरी, पत्रिकावाली?"

रतनबाईंच्या हातातली पाकळी निसटली. "ते स्थळ म्हणजे… तुम्ही? कादंबरी! काय पाठवलंस तू यांना?"

"जाऊ द्या बाई, रागावू नका," हिराबाई म्हणाल्या. "जे झालं ते झालं. उद्या आम्ही इथून सरळ येरवड्याला चाललो. निकिता म्हणून मुलगी आहे, पाच वाजता पाहायचा कार्यक्रम. माणसं चांगली, फोटो सगळ्यांना पसंत. आनंदनं पोरीला एकदा पाहिलं, हो म्हटलं की झालं! हा काही उगाच नाही म्हणणारा पोरगा नव्हे."

उगाच 'नाही' म्हणणारा नव्हे. म्हणजे उद्या पाच वाजता 'हो' म्हणणार. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा जिथे कादंबरीला क्षणभर थांबावंसं वाटलं, तो माणूस दुसऱ्या घरी पोहे खात असणार. तिला जेवण गेलं नाही. झोपही आली नाही.

सकाळी पाहते तर आनंदच्या गाडीत बॅगा चढत होत्या. ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. भीमराव पान्हा पुसत जवळ आले.

"कादू, तुला एक सांगतो. फॅक्टरीत माल तपासायला मी सदतीस वर्षं होतो. चुकून चांगला नग रिजेक्टच्या पेटीत गेला, तर बाहेर काढता यायचा. फक्त ज्याने टाकला त्यानेच येऊन कबूल करायचं, की माझी चूक झाली. लाज वाटायची. पण नग वाचायचा."

"आणि नाही केलं कबूल तर?"

"तर मग भट्टी," भीमराव म्हणाले आणि उगाचच तोटी बघायला निघून गेले.

हिराबाई गाडीत बसल्या. आनंदने दार लावलं, वळला, तर समोर कादंबरी. केस आजही न विंचरलेले.

"चुकलं माझं," ती एका दमात म्हणाली. "तुमचा बायोडाटा मी उघडलासुद्धा नव्हता. सोळांना नाही म्हटल्यावर अंगठा आपोआप चालायला लागला होता. आणि… तुम्ही आज येरवड्याला जाऊ नये असं मला वाटतं."

"का?"

"का म्हणजे काय! आवडलात म्हणून! आणखी काय कारण असतं?"

ओट्यावर रतनबाईंनी तोंडाला पदर लावला. आनंदने खिशातून मोबाइल काढला. "तिकडे नकार मलाच कळवायला हवा. कारण काय सांगू?"

"खरं सांगा," कादंबरी म्हणाली. "तिच्या घरी कुणी कपाटं उपसायला नकोत."

त्याने नंबर लावला. फिकट पडला होता बिचारा, पण आवाज सरळ होता.

"काका, जयभीम. आनंद बोलतोय. आम्ही आज येत नाही… नाही, आईची तब्येत बरी आहे. काका, निकितामध्ये काहीही उणं नाही, तिला तसं आवर्जून सांगा. मला दुसरी एक मुलगी आवडली आहे. मनापासून. तुमच्या घरी येऊन पोहे खाणं हा तुमचा अपमान झाला असता… हो. हो, काका. माफ करा."

गाडीतून हिराबाई मान लांब करून बघत होत्या. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि आनंदचा चेहरा गोरामोरा झाला.

"नाही काका… तसं अजून नाही विचारलं…"

तो ऐकत राहिला. मग फोन कानापासून थोडा दूर धरून त्याने कादंबरीकडे पाहिलं.

"काका म्हणतायत, त्यांना वाईट वाटलंय, पण खरं सांगितलंस ते बरं केलंस. आणि विचारतायत, की ती मुलगी लग्नाला हो म्हणाली का? नसेल म्हणाली, तर आधी तिला विचार, मी फोन धरून थांबतो."

कादंबरीचे डोळे भरून आले आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. एरवी सारखा हलणारा तिचा पाय कधीचा स्थिर होता, तिच्या ध्यानातही आलं नाही. तिने फोन त्याच्या हातातून घेतला.

"काका, जयभीम. मी कादंबरी," ती म्हणाली. "हो म्हणाली."