तळहातावरचे दहा आकडे

"आईशप्पथ... निघाला!"

चारबागहून सुटलेल्या शेअर ऑटोत शेजारचा तरुण चक्क मराठीत ओरडला, आणि त्याचं कोपर हिमानीला असं लागलं की ती उडालीच. लखनौत मराठी? तेही असं अंगावर?

"सॉरी, सॉरी! पण बघा ना..." त्याने वही तिच्या नाकासमोर धरली. "शून्य ते नऊ, प्रत्येक आकडा एकदाच. पहिल्या दोन आकड्यांच्या संख्येला दोनने भाग जातो, पहिल्या तीन आकड्यांच्या संख्येला तीनने... असं थेट दहापर्यंत! छत्तीस लाखांत एकच असा. हाताने शोधला हो मी!"

हा प्रसन्न. मूळचा साताऱ्याचा, इथे विद्यापीठात गणितात संशोधन करणारा. भागाकारापासून कायम चार हात लांब राहिलेल्या हिमानीने आकड्यांकडे पाहिलंच नाही; ती त्याच्या डोळ्यांकडेच बघत राहिली. "मॅडम, उतरना नहीं है क्या?" ऑटोवाला खेकसला, तेव्हा धीर करून ती म्हणाली, "तुमचा नंबर... द्याल?"

तो कानापर्यंत लाल झाला. कागद फाडायचंही सुचेना, म्हणून त्याने तिच्या तळहातावरच लिहिलं — ३८१६५४७२९०.

घरी पोचताच तिने फोन लावला. 'आपने जो नंबर डायल किया है, वह मौजूद नहीं है।'

हिमानी सुन्न झाली. तीनदा लावला, तीनदा तेच. इतका साधा दिसणारा मुलगा चक्क खोटा नंबर देतो?

त्यात गुरुवारी हवाई दलातल्या बाबांची बदली आली — थेट आसामात, जोरहाट! रविवारी संध्याकाळी निघायचं. जाण्याआधी त्या महाशयांची बिनपाण्याने करायचीच, असं ठरवून शुक्रवारी तिने गणित विभाग गाठला.

"खोटा नंबर देताना लाज नाही वाटली?"

प्रसन्नचा चेहरा खर्रकन उतरला. "खोटा? अहो, चार वेळा पडताळलाय!"

"तीनने मोबाइल नंबर सुरू होतो का कधी?"

"मोबाइल...?" त्याच्या हातातला खडू गळून पडला. "तुम्ही फोन नंबर मागत होतात? माझा? मला वाटलं, तो नंबर... माझ्या गणितात कुणी इतका रस कधी घेतलाच नव्हता हो. चार दिवस त्याच ऑटोस्टँडवर उभा राहतोय, तुम्ही पुन्हा दिसाल म्हणून..."

हिमानी आ वासून बघत राहिली. राग कुठल्या कुठे पळाला, आणि मग तिला रडूच आलं. "रविवारी चाललोय आम्ही. कायमचे. जोरहाटला."

त्याने खाली पडलेला खडू उचलून फळ्याच्या कडेला ठेवला.

"मग मी जोरहाटला येतो."

"कशाला?"

"तुमच्या बाबांना विचारायला. मला तुम्ही आवडता... फार."

दुसरी भेट, आणि हा थेट बाबांपर्यंत पोचला!

"वेडा आहेस का तू?" डोळे पुसत ती म्हणाली. "एवढ्या लांब कशाला? इथेच बख्शी का तालाबला, हवाई दलाच्या क्वार्टर्समध्ये ये... उद्या बाबा घरीच आहेत."