पाठ ज्याची त्यानं चोळावी

सॅका भरून झाल्या? मग बसा पाच मिनिटं. वीज काही नऊच्या आत येत नाही. हस शालू, माझ्या कानटोपीला हसून घे. कोथरूडात एवढी थंडी कुठली, हेच ना? असू दे.

गरम पाण्याच्या कुंडावर निघालायत म्हणून सांगतो. माझ्या अगदी जवळच्या माणसाची गोष्ट आहे, ऐकीव नाही.

अनंत नारायण पेठेतला, सरकारी कारकून. एकोणीसशे शहाऐंशी साल, डिसेंबरची तेरा तारीख. दुसरा शनिवार, म्हणून कचेरीला सुट्टी. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि नवरामुलगा म्हणजे अनंताचाच मित्र गोपाळ. आता नेमकी या गोपाळची पाठ धरली. अनंत म्हणाला, "चल, घाट उतरून कुंडात शेकून येऊ. मांडवात वाकडा उभा राहिलास तर फोटो माझ्या बहिणीचा बिघडेल."

निघताना बहीण दारात आली. "दादा, नेतोयस तसा आणून दे हं त्यांना."

"नाही तर काय, बदलून आणू?" अनंत म्हणाला. पण ते शब्द त्याच्या मनात बसले.

एसटीनं घाटमाथा, पुढे पाठीवर सॅक टाकून दिवसभर उतार. खालच्या वाडीत गेनबा म्हणून म्हातारा होता, त्यानं चहा पाजला. म्हणाला, "कुंडात खुशाल बसा. पर पाठ ज्येची त्येनं चोळावी. दुसऱ्याकडनं चोळून घ्यू नका. आन् घेतलीच, तर उलटून त्येची चोळावी लागती. ती फेडल्याबिगर त्यो सोडत न्हाई."

"मग तशी पाटी का नाही लावलीत?" गोपाळनं विचारलं. पुण्याचा माणूस, दुसरं काय विचारणार!

गेनबा हसला नाही.

संध्याकाळी साडेसात. कुंड वाडीच्या वर, झाडीत. चांदणं होतं, पण पाण्यावर वाफ एवढी की पलीकडच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. गोपाळ उतरलासुद्धा. कमरेइतक्या पाण्यात, अनंताकडे पाठ करून उभा. अनंत वरच्या पायरीवर बुटाची नाडी सोडत होता. गाठ भिजून घट्ट बसलेली.

"आहाहा! तिथंच, अनंता. जरा खाली."

अनंताला वाटलं, थट्टा करतोय.

"हं... दाब की जरा."

अनंतानं मान वर केली. गोपाळच्या पाठीवरची कातडी दबत होती. मानेखाली एक खळगा, शेजारी दुसरा. ते हळूहळू खाली सरकत होते. वर येत होते. हात... दिसत नव्हता.

"तुझे हात एवढे गार कसे रे?"

अनंताचे दोन्ही हात अजून नाडीवरच होते.

"बस, पुष्कळ झालं. आता तू फीर. तुझी चोळतो." आणि गोपाळ वळायला लागला.

अनंताला दारातली बहीण दिसली. "वळू नको!" तो ओरडला. "गोपाळ, मागे बघू नको. समोरच्या पायऱ्यांनी वर जा."

"अरे, पण तुझी पाठ..."

"जा म्हटलं ना!"

हा आवाज गोपाळनं कधी ऐकला नव्हता. तो कुरकुरत वाफेतून पलीकडे वर चढला.

कुंडात कुणी नव्हतं. तरी पाणी हलत होतं.

अनंत बुटांसकट उतरला. एक पायरी. दुसरी. खूप भ्याला होता तो. "त्याची फेड मी करतो," तो वाफेला म्हणाला. डोळे मिटले. हात पुढे केले.

लागली.

पाठ. चटका बसेल अशा पाण्यात... थंडगार. नुसते मणके.

तो चोळत राहिला.

"अनंता, किती वेळ?" वरून हाक आली.

चोळत राहिला...

मग हाताखाली काही उरलं नाही.

लग्न ठरल्या दिवशी लागलं, नवरामुलगा ताठ उभा होता. कानपिळीची वेळ झाली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, त्याचा मान असतो. अनंत पुढे येईना. हात कोटाच्या खिशात. बायकांनी ढकलत आणला, तेव्हा कुठे त्यानं उजवा हात बाहेर काढला.

बोटं सुरकुतलेली. आताच पाण्यातून काढल्यासारखी. महिना उलटून गेला होता, पोरांनो.

त्यानं दोन बोटांनी कानाला जेमतेम शिवल्यासारखं केलं, आणि बर्फाचा चटका बसावा तसा नवरामुलगा भर मांडवात किंचाळला. त्या रात्री अनंतानं हे सगळं सांगितलं. एकदाच. त्यालाही जाऊन आता अकरा वर्षं झाली.

शालू, ती बॅटरी इकडे धर. टोपी काढतो. हा उजवा कान बघ. हे एक बोट, हे दुसरं.

हात नको लावूस... अजून भाजतं.