‘पासवर्ड विसरलात?’

“पाय उचल!”

दारातून धावत शिरलेला तरुण एका पायावर थबकला... आणि तसाच उभा राहिला. बाहेर पाऊस कोसळत होता, त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. सभागृहाच्या जमिनीवर पसरलेल्या पांढऱ्याशुभ्र तिवाइवाईवर, बायकांनी फुलंपानं टाचलेल्या त्या पलंगपोसावर, एका ओल्या टाचेचा ठसा उमटला होता.

“स्कूटरवर होतो... जरा आडोसा—”

“आडोसा भिंतीशी असतो,” तेपाएरू सुई रोखून म्हणाली. “आमच्या चार महिन्यांच्या कामावर नसतो.”

भोवती बसलेल्या मावश्या खुसखुसल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ तुआइनेमावशींनी चष्मा वर सरकवला. “दंड कर गं याला. काय येतं रे तुला?”

“हॉटेलांच्या वेबसाइट करतो, मावशी. ऑकलंडहून परत आलो नुकताच. तामातोआ माझं नाव.”

हसणं थांबलं. सगळ्या जणी तेपाएरूकडे बघू लागल्या.

“मग दंड ठरला. आमची अडलेली वेबसाइट चालू करून द्यायची,” ती म्हणाली. “आता पाय टेक. तिकडे... अरे, तिकडे!”

शिवणसंघाची वेबसाइट तिच्या आईनं उभी केली होती. प्रत्येकीनं आपल्या तिवाइवाईचा फोटो लावायचा, ती कुणासाठी शिवली ते स्वतः लिहायचं, संघाबाहेर कुणाला दिसणार नाही असं. कोणी पासवर्ड विसरलं की आईला फोन करायचा. आईला सगळ्यांचे तोंडपाठ.

“सगळ्यांचे पासवर्ड असे एकीकडे असू नयेत खरं तर,” तामातोआ म्हणाला.

“तिला सांगायला हवं होतंस.” तेपाएरूनं दोरा तोडला. “ईस्टरला गेली ती.”

तो खुर्ची ओढून तिच्या लॅपटॉपसमोर बसला, हे तिला बरं वाटलं.

आई गेल्यापासून पासवर्ड कुणालाच आठवत नव्हते, एकीलाही वेबसाइटच्या आत जाता आलं नव्हतं. बंद दुकानाचं भाडं कशाला भरायचं, म्हणून शनिवारच्या बैठकीत वेबसाइट मिटवायचं घाटत होतं. आईच्या हातचं एवढंच काम अजून चालतं राहू शकत होतं.

मग रोज संध्याकाळी तामातोआ यायचा, दारात पाय पुसायचा— जरा जास्तच वेळ, तिचं लक्ष जाईपर्यंत.

“नव्या बटणावर ‘पासवर्ड विसरलात?’ एवढंच लिहू? की ‘पुन्हा विसरलात?’” त्यानं विचारलं.

“मावश्यांना टोमणे मारणार? सुया आहेत त्यांच्याकडे.”

“तुझ्याकडेही आहे. पहिल्या दिवशीच टोचली.”

तिनं मान खाली घातली, पण टाका चुकला तो चुकलाच.

शनिवारी तुआइनेमावशींनी आपला ईमेल पत्ता एका बोटानं लिहिला, बटण दाबलं आणि पडद्यावर उमटलेलं वाक्य मोठ्यानं वाचलं: “‘जर हा पत्ता आमच्याकडे नोंदलेला असेल, तर त्यावर लिंक पाठवली आहे.’” त्यांचा चेहरा उतरला. “जर? मी संघात आहे की नाही, याची शंका? माझ्या तिवाइवाईवर अख्ख्या रारोटोंगा बेटावरची लग्नं लागली!”

“बंदच करा हे,” मागून कुणी म्हणालं. खुर्च्या सरकल्या.

“मावशी, तसं नाही, कुणा परक्याला कळू नये म्हणून—” तामातोआ अडखळला.

तेपाएरू उठली. “मावशी, कोणाच्या पेटीत कोणासाठी तिवाइवाई ठेवलीय, हे आईनं बाहेरच्या माणसाला कधी सांगितलं?”

“छे! तिच्या तोंडून? मरेपर्यंत नाही.”

“तेच या वेबसाइटला शिकवलंय. दारात कोणी विचारलं, तर आत कोण आहे ते सांगायचं नाही. जिचं घर, तिला निरोप घरी पोचतो.”

तेवढ्यात मावशींच्या पिशवीत फोन वाजला. लिंक आली होती. त्यांनी नवा पासवर्ड घातला, कुणाला दिसू नये म्हणून हॅटचा आडोसा धरून. आणि त्यांचं पान उघडलं... लाल जास्वंदींची तिवाइवाई, थोरल्या नातवासाठी. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मग एकेक करून साऱ्या पुढे आल्या, आणि मिटवण्याचा विषय कुणी काढलाच नाही.

जाताना मावशींनी तेपाएरूची हनुवटी धरली. “तुझी आई एकटी आम्हां सगळ्यांची कुलपं सांभाळायची. बघ, तिच्या जागी यंत्र आणि एक धडधाकट पोरगा लागला!”

तेपाएरूचे डोळे भरले. मान मात्र ताठ होती.

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. तामातोआ पायरीवर, छपराच्या बाहेरच उभा होता. “वेबसाइटवर सभासदांच्या यादीत तुझ्या आईंचं नाव पहिलं आहे,” तो म्हणाला. “त्याला मी हात लावलेला नाही.”

“पाहिलं मी.”

“आणि... जर इथे तेपाएरू नावाची कुणी असेल, आणि जर तिला माझ्याबद्दल काही... म्हणजे जर—”

“‘जर’ बाहेरच्यांसाठी असतं,” ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली. “तू आत ये.”

तो पाऊल उचलणार, तोच तिनं हात आडवा धरला. ओठांच्या कडेला हसू होतं.

“पाय पुसून.”