निळ्या डब्याची बाजारफेरी

“आत्या, पाइप कापू देऊ नकोस!”

“आधी ती पाण्याची नळी बाजूला धर. मेकॅनिकची आंघोळ चाललीय!”

चौकशीने नळी वळवली. पण तोंड वळवलं नाही. तिचं हे नाव भावाने ठेवलेलं होतं, आणि ते तिला अंगावरच्या फ्रॉकइतकं नेमकं बसलं होतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी केल्याशिवाय तिला घास उतरत नसे. भावाला सगळे भोपू म्हणत. त्याची कुजबुजसुद्धा चार गाड्यांपलीकडे ऐकू जायची. तिसरा होता आत्याचा मुलगा, गोगलगाय. तो कमी बोलायचा, सावकाश चालायचा, आणि इतरांच्या नजरेतून निसटलेलं नेमकं बघायचा.

सुट्टीत तिघांनी टॅक्सी स्टँडवरच्या गाड्या धुवायचं काम अंगावर घेतलं होतं. सकाळचं ऊन फरशीवर अजून नीट उतरलं नव्हतं. सांडलेल्या तेलाच्या थेंबांत मात्र इंद्रधनुष्यं कधीच उगवली होती. आत्याची टॅक्सी बॉनेट उघडून उभी होती, डॉक्टरपुढे जीभ काढून बसलेल्या रोग्यासारखी. आज तिच्यात ‘इंधनमित्र’ बसणार होता.

इंधनमित्र म्हणजे तळहाताएवढा, निळा दिवा लुकलुकणारा चकचकीत डबा. पेट्रोलचा पाइप मधोमध कापून तो जोडायचा, की गाडी निम्मंच पेट्रोल पिते, असं तो विकणाऱ्या टायवाल्या काकांचं म्हणणं होतं. बोलण्यात मध, चेहऱ्यावर हसू, आणि उन्हाळ्यातही गळ्याशी आवळलेला टाय!

“आत्या, पाइप कापला की कंपनीची हमी संपते,” चौकशी म्हणाली. “पुढे इंजिन बिघडलं तर कोण दुरुस्त करून देणार?”

“आणि नाही कापला तर? दिवसभर मी राबते आणि कमाई ही बया पिऊन टाकते!” आत्याने टॅक्सीच्या चाकाला हलकेच पाय मारला. “काल बाजारफेरी बघितलीस ना? मग आता किरकिर नको.”

बाजारफेरी हा या स्टँडचा कायदा होता. नवा टायर असो, नवं तेल असो, की नवी गाडी; कुणाच्या शब्दावर इथे कुणी विश्वास ठेवत नसे. कोपऱ्यावरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, गाडी बाजाराच्या तुंबलेल्या रस्त्यातून पुलापर्यंत न्यायची, तशीच परत आणायची आणि पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल मावलं तेवढं गाडीने प्यायलं! रांगत्या गर्दीत भलीभली गाडी घटाघटा पेट्रोल पिते. म्हणून गर्दीत तरली ती खरी, असं चालकांचं ठाम मत होतं. काल टायवाल्या काकांची गाडी या परीक्षेतून आली तेव्हा पंपाची नळी टाकीत जेमतेम गुळणी करून थांबली होती. स्टँडचे अध्यक्ष, मिशा पांढऱ्या झालेले सर्वांत जुने चालक, नुसतं “अरे!” एवढंच म्हणू शकले होते.

“पोरांनो, माझी गाडीही धुवा बरं का,” टायवाले काका म्हणाले. “फक्त बाहेरून! बॉनेटला हात लावायचा नाही.” एवढं बजावून, खिडक्या सताड उघड्या टाकून ते चहाला निघून गेले.

गोगलगाय गाडीच्या मागच्या बाजूला फडकं फिरवत होता. फिरवता फिरवता थांबला. बराच वेळ थांबला.

“झोपलास का रे?” भोपूने विचारलं.

“इथे अक्षरं होती,” गोगलगाय म्हणाला.

तिघं वाकली. रंग सगळीकडे उन्हाने विटला होता; पण एका पट्टीत तो नव्यासारखा उजळ राहिला होता. उखडलेल्या अक्षरांच्या सावल्याच त्या. चौकशीने बोट फिरवत त्या वाचल्या.

“हा... य... ब्रिड!” ती ताडकन उभी राहिली. “म्हणून ही सकाळी स्टँडमध्ये शिरली तेव्हा आवाज झाला नाही! रांगताना हिचं इंजिन झोपलेलं असतं!”

“मग ढकलतं कोण? भूत?”

“वीज! हिच्या पोटात पेट्रोलचं इंजिन आहे आणि विजेची मोटरही. ब्रेक दाबला की आपल्या गाडीचा वेग ब्रेकच्या उष्णतेत वाया जातो. हिच्यात त्याच वेगाने चाकंच मोटरला फिरवतात, वीज तयार होते आणि बॅटरीत साठते. गर्दीत ती वीजच गाडी पुढे नेते. प्रदर्शनासाठी मी असंच मॉडेल केलं होतं, आठवतं?”

“ते पेटलं होतं ते?”

“थोडंसंच पेटलं होतं!”

गोगलगायीने तोवर उघड्या खिडकीतून हात घालून बॉनेटचा खटका ओढलाही होता. झाकण उचललं, आणि तिघं वाकून बघू लागली. आत नारिंगी रंगाच्या जाडजूड वायरी होत्या. पेट्रोलचा पाइप अखंड होता; कुठे चीर नाही, जोड नाही. त्याच्या शेजारी इंधनमित्र एका प्लॅस्टिकच्या पट्टीने नुसता बांधलेला होता आणि आपला निळा दिवा निर्लज्जपणे लुकलुकवत होता.

“नारिंगी वायरींना कुणी हात लावू नका! त्यात जबरदस्त वीज असते,” चौकशीने दटावलं आणि ती धावत सुटली.

“आत्या, ती गाडी हायब्रिड आहे! डबा कशालाच जोडलेला नाही!”

“तू त्यांचं बॉनेट उघडलंस?” आत्याचा चेहरा लाल झाला. “परक्याच्या गाडीत हात घालायला शिकवलं का तुला मी?”

“अगं, पण आधी ऐक तरी!”

“एक अक्षर नको!”

चौकशी अध्यक्षांकडे वळली. “आजोबा, एकदा मोकळ्या हमरस्त्यावर परीक्षा घ्या ना! तिथे ब्रेक फारसा लागत नाही, म्हणून वीजही—”

“हमरस्त्यावर काय, कुठलीही गाडी कमीच पिते,” अध्यक्ष मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “खरं-खोटं बाजारात कळतं, बाळ. आमची हयात गेलीय यात.”

चालक हसले. मोठ्या माणसांच्या कानांना दारं असतात आणि कड्या आतून असतात. बाहेर उभं राहून कितीही ठोठावा, आतून फक्त ‘शहाणीच आहे’ एवढं ऐकू येतं. चौकशी नळाच्या कट्ट्यावर येऊन बसली. समोर मेकॅनिक आत्याच्या टॅक्सीजवळ कटर पुसत होता. याच टॅक्सीवर आत्याचं घर चालत होतं, आणि सगळे मिळून तिची नस कापायला निघाले होते!

“रडतेस?” भोपूने त्याच्या मानाने हळू विचारलं.

“साबण गेलाय डोळ्यात.”

“त्यांना बाजारफेरीच हवी ना?” गोगलगाय एकेक शब्द वेचत म्हणाला. “मग होऊ दे. डब्याशिवाय.”

चौकशी त्याच्याकडे बघतच राहिली. “गोगलगायी, तुझ्या शंखात मेंदू आहे रे!”

पुढचं काम झटपट झालं. पट्टी सुटली, डबा गाडी पुसायच्या फडक्यात गुंडाळला गेला, बॉनेट बंद झालं. काका चहा पिऊन परतताच भोपूने छातीत हवा भरली.

“काल ज्यांनी बाजारफेरी पाहिली नाही त्यांच्यासाठी आज पुन्हा एकदा! काका, घाबरत तर नाही ना?”

सगळा स्टँड वळला. काल भाड्यावर गेलेले चालक ओरडले, “हो हो, आम्हालाही बघायचंय!”

टायवाल्या काकांनी टाय सरळ केला. “घाबरायचं काय? चला! ताई, तुमचं काम आल्यावर करू.”

टाकी भरली. अध्यक्ष शेजारी बसले आणि गाडी बाजाराच्या गर्दीत विरघळून गेली. चौकशी नखं कुरतडत राहिली. तिचं म्हणणं चुकीचं निघालं तर? आत्या तिला पुन्हा कधी स्टँडवर पाऊल ठेवू देणार नव्हती. शेजारी भोपूही चक्क गप्प होता, म्हणजे प्रसंग खरोखरच गंभीर होता.

गाडी परत आली ती पंपावरच, आणि सगळा स्टँड तिकडे धावला. पंपाची नळी टाकीत गेली, गुळणी झाली आणि थांबली. कालच्यासारखीच!

टाळ्यांचा कडकडाट झाला. टायवाले काका गाडीपुढे आले आणि जादूगाराच्या थाटात म्हणाले, “मंडळी, हा चमत्कार कुणाचा? बघा आपल्या डोळ्यांनी!” बॉनेट वर गेलं.

आत एक रिकामी पट्टी लोंबत होती.

काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. फक्त त्याच्यामागचा माणूस कुठेतरी निघून गेला.

“काका, हा शोधताय का?” भोपूने फडकं सोडलं. त्याच्या हातात, कशालाच न जोडलेला डबा आनंदाने लुकलुकत होता!

“चोरी! माझा डबा चोरला!”

“कधी काढलात रे हा?” अध्यक्षांनी विचारलं.

“फेरीच्या आधी, आजोबा,” चौकशी म्हणाली. “मग पेट्रोल वाचवलं कुणी?”

गोगलगायीने अध्यक्षांचा हात धरून त्यांना गाडीच्या मागे नेलं आणि उजळ अक्षरांवर बोट ठेवलं. अध्यक्षांनी ती दोनदा वाचली. मग ते परत आले आणि वाकून पाइप पाहू लागले. चौकशीने तिथेच बजावलं, “नारिंगी वायर सोडून, आजोबा!” आणि त्यांनी मुकाट्याने हात मागे घेतला.

“म्हणजे गाडीचा गुण खरा होता,” ते टायवाल्या काकांना म्हणाले. “एवढी खरी विद्या बॉनेटखाली असताना तुम्ही तिचं नाव पुसलंत आणि लुकलुकणारं खोटं विकायला बसलात?”

चालकांनी काकांभोवती कडं केलं. कालपासून ज्यांच्या टॅक्सींत डबे बसले होते ते दोघे सर्वांत पुढे होते. पाइप नवे घालून दिल्याशिवाय गाडीची किल्ली मिळणार नाही, असं अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं. मग ते मुलांकडे वळले.

“आमची बाजारफेरी कधी फसणार नाही असं वाटत होतं. आजपासून प्रत्येक गाडी हमरस्त्यावरही जाईल. आणि सोबत ही तीन पोरं बसतील. शाब्बास रे!”

मेकॅनिकने कटर खिशात टाकला आणि आत्याच्या टॅक्सीचं बॉनेट हलकेच मिटलं. संध्याकाळी आत्याने तिघांना गाडीत घेतलं आणि ती घराकडे निघाली. चौकशी खिडकीला टेकून बसली होती. जिंकल्यावरही मनात काहीतरी हिरमुसलेलं होतं; आत्याने अजून तिचं ऐकून घेतलंच नव्हतं.

मोठ्या चौकात दिवा लाल झाला. समोर गाड्यांची न संपणारी रांग घुरघुरत उभी होती. आत्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गाडीत एकदम शांतता पसरली.

“उभ्या गाडीला पेट्रोल कशाला पाजायचं?” ती म्हणाली. मग मागे वळून तिने चौकशीच्या डोळ्यांत पाहिलं. “हं, बोल आता. ब्रेक दाबल्यावर वीज कशी होते, ते सकाळी सांगत होतीस ना? पहिल्यापासून सांग. दिवा हिरवा झाला तरी मध्ये थांबू नकोस.”